चित्रकाराकडे दप्तर मागू नका

थंडी पडू लागली की वाईच्या गणपती घाटावर चित्रकार दिसू लागतात. कुणी पुण्याहून पहाटेच्या एसटीने आलेला असतो, कुणी गावातलाच, सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून आलेला. कृष्णेचं पात्र, पात्राशी उभं ढोल्या गणपतीचं देऊळ, पायऱ्यांवर कोवळं ऊन. पाऊण तासात कागदावर पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, बसतो आणि मागे चार-पाच बघे उभे राहतात. तिथवर सगळं आनंदाचं असतं. वाद सुरू होतो तो पुढे, चित्र प्रदर्शनात लागल्यावर किंवा मोबाइलवरून फिरू लागल्यावर. घाटावरच्या गाड्या कुठे गेल्या? विजेच्या तारा कुठे गेल्या? शिखर एवढं उंच कधी होतं? असं एक जण विचारतो. दुसरा उत्तर देतो की कलावंताला स्वातंत्र्य असतं, हुबेहूब हवं असेल तर फोटो काढा. मग पहिला म्हणतो की हे आमच्या गावाचं चित्र नव्हे, कॅलेंडर आहे. असं शंभर वेळा झालं असेल. पण अलीकडे हे बोलणं माझ्या ओळखीच्या, वाईतच वाढलेल्या एका चित्रकाराच्या वाट्याला आलं. ज्या पायऱ्यांवर तो पोहायला शिकला, त्या पायऱ्यांबद्दल त्याला सांगण्यात आलं की तू आपल्या गावाशी खोटं बोललास. त्याने उत्तर दिलं नाही. मला मात्र गप्प बसवत नाही, कारण हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा लढवला जातो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या गावची वास्तू रंगवताना चित्रकाराने ती उंच करावी, सरळ करावी, तिच्यापुढचं काही गाळावं. तो त्याचा अधिकार आहे आणि त्यात फसवणूक नाही. वास्तूचं मोजमाप, तिचं दप्तर, ठेवणं हे गावाचं काम आहे. ते आपण केलेलं नाही, म्हणून चित्रकाराला कारकुनाच्या जागी बसवायला निघालो आहोत. आणि जे मित्र ‘कलेचं स्वातंत्र्य’ एवढे दोन शब्द उच्चारून थांबतात, तेही चित्राचं भलं करत नाहीत. त्या शब्दांनंतर चित्राला कुणी काही विचारायचंच उरत नाही, आणि ज्याला काही विचारता येत नाही अशा चित्राला शेवटी कुणी काही मानतही नाही.

वाईपासून फार लांब जातो, कारण आपल्या गावच्या वास्तूचं जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र नेदरलँड्समधल्या एका छोट्या शहराचं आहे. योहानेस व्हर्मीर हा डेल्फ्टचा. 31 ऑक्टोबर 1632 रोजी तिथल्या न्यूवे केर्क, म्हणजे ‘नव्या चर्च’मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि 1675 साली त्याच गावातल्या ‘जुन्या चर्च’मध्ये त्याला पुरलं. मधली जवळजवळ सगळी वर्षं त्याने गावातच काढली. 1660-61च्या सुमारास त्याने नदीपलीकडून दिसणारं डेल्फ्ट रंगवलं. जेमतेम मीटरभर उंचीचं ते चित्र आज हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. पुढच्या रांगेतल्या वेशी आणि तटबंदी ढगाच्या सावलीत आहेत, आणि मागे सर्वांत लख्ख ऊन पडलेलं आहे ते एका जागी: न्यूवे केर्कचा मनोरा. ते चर्च डच माणसाच्या लेखी नुसतं प्रार्थनास्थळ नव्हतं. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा डेल्फ्टमध्येच 1584 साली खून झाला, आणि त्याची समाधी याच चर्चमध्ये आहे. रायगडावरच्या समाधीकडे आपण जसं पाहतो, त्याच्या जवळ जाणारी ती भावना. म्हणजे ऊन कुठे पडावं, हे व्हर्मीरने आभाळावर सोडलेलं नव्हतं.

उन्हाबरोबर त्याने आणखीही बरंच ठरवलं. त्याच जागेची पुढच्या काळातली रेखाटनं समोर ठेवून अभ्यासकांनी दाखवलं आहे की चित्रातली इमारतींची रांग प्रत्यक्षापेक्षा जास्त सरळ आणि आडवी पसरलेली आहे. पुढे येणारे, एकमेकांवर चढणारे कोपरे त्याने चापून बसवले. क्ष-किरणांखाली दिसतं की रॉटरडॅम वेशीच्या जोड-बुरुजांचं पाण्यातलं प्रतिबिंब त्याने मागाहून लांबवत खालच्या काठापर्यंत आणलं. पुढच्या किनाऱ्यावर एक माणूस रंगवला होता, तो नंतर पुसला. छपरांचा खडबडीतपणा यावा म्हणून रंगात वाळूचे कण मिसळले. आपल्या घाटावरच्या चित्रकाराने गाडी गाळली म्हणून त्याला जाब विचारणाऱ्यांनी सांगावं, व्हर्मीरला काय शिक्षा द्यायची? आणि आणखी एक. आज कुणी डेल्फ्टला जाऊन त्याच काठावरून फोटो काढला आणि मनोरा चित्राशी जुळत नाही म्हणून बोट दाखवलं, तर चूक फोटोवाल्याची ठरेल. 1872 साली वीज पडून त्या मनोऱ्याचं टोक जळालं आणि पुढे पिएर कॉयपर्स या वास्तुरचनाकाराने ते नव्याने, आधीपेक्षा उंच बांधलं. वास्तू स्वतःच बदलत असते. ‘हुबेहूब’ म्हणणाऱ्याने आधी ठरवायला हवं, कोणत्या सालची हुबेहूब?

याच चर्चचं आणखी एक चित्र आहे. कारेल फाब्रित्सियुस याने 1652 साली काढलेलं, लांबीला फुटभर, उंचीला वीतभरही नाही. त्यात रस्ता आणि कालवा वाकतात, कडेला वाद्यविक्रेत्याची मांडणी डोळ्यापाशी येते आणि एवढं मोठं न्यूवे केर्क दूर, खेळण्यासारखं उभं राहतं. दोनच वर्षांनी, 12 ऑक्टोबर 1654 रोजी, डेल्फ्टचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. सुमारे 90,000 पौंड दारू होती. शहराचा एक भाग सपाट झाला, आणि फाब्रित्सियुस त्यातच गेला. एग्बर्ट फान डेर पूल नावाच्या चित्रकाराने नंतर तो विध्वंस पुन्हा पुन्हा रंगवला. व्हर्मीर तेव्हा बावीस वर्षांचा व्हायचा होता. सहा-सात वर्षांनी त्याने गाव रंगवायला घेतलं तेव्हा दक्षिणेचा काठ निवडला. उद्ध्वस्त भाग ईशान्येकडे होता. हा योगायोग असेल किंवा नसेल. पण एकाच गावात, एकाच पिढीत तिघांनी तीन डेल्फ्ट रंगवली: वाकलेलं, मोडलेलं आणि उन्हात शांत उभं राहिलेलं. यातलं खरं कोणतं, हा प्रश्न विचारून पाहा. त्याचं उत्तर येत नाही, कारण प्रश्नच चुकीच्या दारात विचारलेला आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. तो असा: इमारत उभी असेपर्यंत हे ठीक, पण ती गेल्यावर काय? व्हर्मीरच्या चित्रातल्या पुढच्या दोन्ही वेशी 1830च्या दशकात पाडल्या गेल्या. आता त्या पाहायच्या तर चित्रांतच. मग चित्रकाराने बुरूज चापून बसवला असेल तर पुढच्या पिढीच्या आठवणीतही तो तसाच चापलेला राहणार. गावातली माणसं ‘खोटं बोललास’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हीच भीती असते, आणि ती मला खरी वाटते. वाड्यामागून वाडे पडताना आपण पाहिले आहेत. उद्या आपल्या हातात चित्रच उरणार असेल तर ते तरी बरोबर असू दे, असं वाटणं साहजिक आहे.

पण नीट पाहा, या मुद्द्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: चित्राशिवाय दुसरं काही उरणारच नाही. डेल्फ्टमध्ये तसं झालं नाही. व्हर्मीरचं दुसरं एक छोटं चित्र आहे, विटांच्या एका घराचं आणि त्याशेजारच्या बोळाचं. ते घर नेमकं कुठलं, यावर अभ्यासक पिढ्यानपिढ्या भांडत होते. चित्रातल्या खिडक्या मोजून, विटा मोजून काही हाती लागलं नाही. 2015 साली फ्रान्स ग्रायझेनहाउट या कला-इतिहासकाराने उत्तर मांडलं, आणि ते आलं एका करवहीतून. कालव्यांचा गाळ काढण्यासाठी आणि काठ दुरुस्त ठेवण्यासाठी घरमालकांकडून जो कर घ्यायचा, त्याची 1667 सालची वही. प्रत्येक घराची आणि प्रत्येक बोळाची रुंदी त्यात लिहिली होती, फार तर वीतभर चूक असेल इतकी काटेकोर. दोन घरं, मध्ये एकाला एक लागून दोन बोळ, अशी चित्रातली मांडणी जुळली ती व्लामिंगस्ट्राट या रस्त्यावर. तिथे कोण राहत होतं? व्हर्मीरच्या वडिलांची सावत्र बहीण, त्याची विधवा आत्या, जी वजडी विकून घर चालवत असे. त्या बोळाला लोक वजडीचा दरवाजा म्हणत. गाळ काढणाऱ्या खात्याच्या वहीला चित्रकलेशी काही देणंघेणं नव्हतं. तिने आपलं काम केलं म्हणून व्हर्मीरला त्याचं काम करता आलं, असं मी म्हणेन. निदान त्याच्या चित्रावर आज कुणाला करवहीचं ओझं टाकावं लागत नाही.

वॉर्सा शहराचं उदाहरण आपल्याकडे हमखास दिलं जातं, तेही पूर्ण तपासून घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उद्ध्वस्त केलेलं वॉर्सा पोलिश लोकांनी अठराव्या शतकातल्या चित्रांवरून पुन्हा उभारलं, अशी ती गोष्ट सांगितली जाते. चित्रं खरी आहेत. बेर्नार्दो बेलोत्तो हा मूळ व्हेनिसचा, तिथल्याच कानालेत्तो या प्रसिद्ध चित्रकाराचा भाचा. 1768 साली तो पोलंडच्या राजाचा दरबारी चित्रकार झाला आणि 1780 साली वॉर्सातच वारला. त्याने शहराची 26 दृश्यं रंगवली, आणि पुनर्बांधणीत त्यांचा उपयोगही झाला. पण बेलोत्तो दर्शनी भाग सजवत असे. मूळ इमारतीत नसलेले तपशील त्याने घातले होते, आणि काही ठिकाणी विसाव्या शतकात तेच तपशील दगड-चुन्यात बांधले गेले. विरोधी बाजूला हे सांगितलं की ती म्हणते, बघा, चित्रकाराच्या लहरीमुळे शहर चुकलं. मी म्हणतो, पुढचं वाचा. शहर उभं राहिलं त्याचा खरा आधार वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी युद्धाआधी केलेली मोजणीची रेखाटनं हा होता. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात त्यांनी ती जपली आणि शेवटी बाहेर काढून पिओत्रकुफ या गावातल्या मठात लपवली. पट्टी आणि फूट घेऊन दारा-खिडक्या मोजणारी ती मुलं नसती तर बेलोत्तोच्या चित्रांतून फार तर देखावा उभा करता आला असता. आपण ही गोष्ट सांगताना चित्रकाराला डोक्यावर घेतो आणि मोजणी करणाऱ्यांना विसरतो. आणि नंतर त्याच चित्रकाराला मापात चुकलास म्हणून खाली पाडतो.

मराठी माणसाला हे समजायला परदेशी जायची गरज नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याला शिकवला गेलेला आहे, आणि तो शिकवणाऱ्या माणसाची सुरुवात वाईतच झाली. वि. का. राजवाडे यांनी 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तो वाईत सापडलेल्या कागदांच्या आधारे. पानिपतापर्यंतच्या काळातली ती पत्रं होती. राजवाड्यांनी बखरींच्या चुका एकामागून एक काढल्या. सन चुकलेले, माणसं चुकलेली, घटनांचा क्रम चुकलेला. म्हणून आपण बखरी जाळल्या का? त्या काळच्या माणसाला काय भव्य वाटलं, कशाने त्याची छाती दडपली, पराभवाचा अर्थ त्याने स्वतःला कसा समजावला, हे बखरीइतकं पत्र सांगत नाही. पत्रात उंटांचा हिशेब असतो. दोन्ही हवीत, आणि कोणत्याकडे काय मागायचं हे ठाऊक हवं. ढोल्या गणपतीचं जलरंगचित्र ही त्या देवळाची बखर आहे. शिखर वाढलेलं असेल तर ते का वाढलं, असं विचारा. घाटाच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसलेल्या लहान मुलाला ते तेवढंच उंच दिसतं, हे त्याचं उत्तर असू शकतं.

बखरीतूनही पुरावा काढता येतो, फक्त काढणाऱ्याला अक्कल लागते. कानालेत्तो हा व्हेनिसचाच. आपल्या गावाशी त्याने वाटेल तसे खेळ केले. सान मार्को चर्चच्या माथ्यावरचे काशाचे घोडे 1743 सालच्या एका चित्रात त्याने खाली आणून चौकात उंच ओट्यांवर उभे केले. अशा चित्रांना व्हेनिसकर ‘काप्रिच्चो’ म्हणत, म्हणजे लहरीचं चित्र. बघणाऱ्यालाही ते ठाऊक असे. असा माणूस साक्षीदार म्हणून चालेल? दारिओ काम्युफो या इटालियन शास्त्रज्ञाने त्यालाच साक्षीला बोलावलं. व्हेनिसच्या हवेल्यांच्या पायाशी भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर शेवाळाचा हिरवा पट्टा उमटतो. कानालेत्तो आणि बेलोत्तो काळोख्या पेटीतून, म्हणजे कॅमेरा ऑब्स्क्युरातून, पाहून रेखाटन करत, आणि हा पट्टा त्यांनी जसाच्या तसा काढला. काम्युफोने चित्रांतला पट्टा आणि त्याच भिंतींवरचा आजचा पट्टा ताडून पाहिला. अठराव्या शतकापासून पाणी सुमारे 60 सेंटिमीटर वर आल्याचं त्यातून निघालं. समुद्राची पातळी मोजण्याची यंत्रं नव्हती त्या काळची ही नोंद. घोडे हलवायला कानालेत्तोपाशी कारण होतं, शेवाळ हलवायला नव्हतं. साक्ष कशी वाचायची याचा सगळा धडा या एका हिरव्या पट्ट्यात आहे.

मग चित्रकारावर काहीच जबाबदारी नाही का? आहे, आणि इथे मी स्वातंत्र्यवाल्या मित्रांपासून वेगळा होतो. जबाबदारी ही की तो तिथे उभा राहिलेला असला पाहिजे. शनिवारवाड्यातल्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र आपण सगळ्यांनी पुस्तकांतून पाहिलेलं आहे. सवाई माधवराव, समोर इंग्रज वकील मॅलेट, खांबांच्या रांगा. तह 1790चा. चित्र थॉमस डॅनियलचं, 1805 सालचं, इंग्लंडमध्ये काढलेलं. दरबार त्याने पाहिला नव्हता. त्याच्यापुढे जेम्स वेल्स या चित्रकाराची रेखाटनं होती. वेल्स 1795 सालीच वारला होता, आणि तोही 1791 साली मुंबईत उतरला, म्हणजे तहाच्या वेळी हजर नव्हता. वाडा 1828च्या फेब्रुवारीत आगीत गेला. आता त्या महालाची आठवण म्हटली की डोळ्यापुढे उभं राहतं ते हे चित्र. व्हर्मीरने मनोऱ्यावर ऊन पाडलं, आणि डॅनियलने न पाहिलेल्या महालात माणसं मांडली, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. पहिल्याला काय गाळतो आहोत ते माहीत होतं. दुसऱ्याला ते कळायला मार्गच नव्हता. तरी त्याच्यापुढे निदान वेल्सची रेखाटनं तरी होती. अलीकडे ‘तीनशे वर्षांपूर्वीचं पुणे’ म्हणून संगणकाने तयार केलेल्या ज्या प्रतिमा फिरतात, त्यांच्यामागे तर कुठलाही डोळा नाही. त्यांत शनिवारवाड्याला राजस्थानी छत्र्या असतात, आणि लोक भारावून पुढे पाठवतात. घाटावर तीन तास बसलेल्या चित्रकाराला गाडी गाळल्याबद्दल खोटारडा म्हणायचं, आणि या प्रतिमांना नमस्काराचे हात जोडायचे? माझा राग आहे तो या उफराट्या न्यायावर.

चित्रकाराने तिथे उभं राहावं, आणि उभं राहिल्याची खूण ठेवावी. पीटर सानरेडाम नावाचा एक डच चित्रकार हे असं करी की त्याच्यापुढे हात जोडावेत. अॅमस्टरडॅमच्या जुन्या नगरभवनाचं रेखाटन त्याने 1641च्या जुलैमध्ये समोर बसून केलं. 1652 साली ती इमारत जळून गेली. 1657 साली त्याने त्या रेखाटनावरून चित्र रंगवलं, आणि चित्रावरच लिहून ठेवलं की ही इमारत जळाली आहे, मी ती अमुक साली रेखाटली आणि तमुक साली रंगवली. एवढ्या ओळीने काय होतं? बघणाऱ्याला मधल्या सोळा वर्षांचा हिशेब मिळतो. त्या हिशेबात चित्रकाराने खांब थोडा बारीक केला की जाड, हा प्रश्न आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो. आपल्याकडे जलरंगाच्या खालच्या कोपऱ्यात सही असते, फार तर साल. ‘सकाळी साडेसात, खालच्या पायरीवरून, गाड्या गाळून’ असं मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायला किती वेळ लागतो? माझ्या चित्रकार मित्रांना माझी विनंती एवढीच आहे, आणि ती त्यांच्या स्वातंत्र्याच्या केसालाही धक्का लावत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, तो मला सर्वांत जास्त टोचतो. सुंदर चित्रामुळे गाव आंधळं होतं, असा तो आक्षेप. गाड्या, तारा, प्लास्टिक गाळलेला घाट दिवाणखान्यात लागतो, आणि खरा घाट तसाच राहतो. उलट चित्र पाहून वाटतं, आपलं गाव किती छान. यात तथ्य आहे. मीही बाहेरगावी नोकरीला असताना घाटाचं असं एक चित्र भिंतीवर लावून समाधान मानत होतो. पण याचा इलाज चित्रात प्लास्टिक रंगवण्याची सक्ती करणं हा नाही. नुसत्या कुरूपतेचंही कॅलेंडर होतं, आणि तेही डोळ्यांना लवकर सवयीचं होतं. गाळलेलं चित्र दुसरं एक काम करू शकतं: इथे काय उपरं आहे ते दाखवू शकतं. गाडी काढल्यावर घाट अपुरा वाटला का? नाही ना? मग ती तिथे का उभी राहते, हा प्रश्न चित्रातून नगरपालिकेपर्यंत जाऊ शकतो. तो नेणं हे आपलं काम, चित्रकाराने आपला अर्धा वाटा उचललेला असतो.

आता त्या दप्तराकडे येतो, ज्यावाचून हे सगळं बोलणं हवेत राहील. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा त्या निमुळत्या टोकावर दुभंगावा आणि गाभाऱ्याला धक्का लागू नये, म्हणून बांधणाऱ्यांनी ती तशी केली. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या भिंतीने अंगावर घेतले आहेत. ती भिंत म्हणजे पाण्याच्या अभ्यासाने दगडात काढलेली रेघ आहे. तिचा बाक नेमका किती, पाया किती रुंद, कोणत्या पुरात पाणी कुठवर चढलं, हे लिहिलेलं कुठे मिळेल? मी शोधायला निघालो. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवलं गेलो. जागेचा नकाशा मिळाला, क्षेत्रफळ मिळालं, पण भिंतीचा उभा छेद, मोजून काढलेला, कुणी दाखवू शकलं नाही. मुंबईत 1995 साली वारसा-वास्तूंची नियमावली आली, यादी झाली, प्रतवारी झाली. तालुक्याच्या गावांना कोण विचारतं? आपल्याच गावात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी आठवडाभर उतरवली, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय चार घरांनी वाटून घेतली, तर हे काम होण्यासारखं आहे. वॉर्साच्या मुलांनी ते कसल्या दिवसांत जपलं ते वर सांगितलंच.

त्या शोधातून माझ्या हाती आलं ते असं: तीन जलरंगचित्रं, एक जुनं कॅलेंडर आणि नात्यातल्या एका लग्नाचा कृष्णधवल अल्बम. तिन्ही चित्रांत भिंतीचा बाक वेगवेगळा आहे; एकात तर ती जवळजवळ सपाट आहे. अल्बममध्ये मात्र एक फोटो देवळामागे काढलेला आहे. नवरानवरी, दोन्हीकडच्या आत्या-मावश्या, करवल्या, आणि त्यांच्यामागे ती भिंत. फोटो काढणाऱ्याचं लक्ष माणसांवर होतं, म्हणूनच भिंत जशीच्या तशी आली आहे. तिच्यावर, नवऱ्यामुलाच्या फेट्याच्या थोडी वर, पुराची ओली रेघ स्पष्ट दिसते. मी तो फोटो माझ्या त्या चित्रकार मित्राला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला, मग विचारलं, मुलाची उंची किती होती? ते गृहस्थ अजून आहेत, गावातच राहतात. येत्या रविवारी सकाळी त्यांना भिंतीपाशी उभं करून ती रेघ मोजायची असं ठरलं आहे. टेप मी नेणार आहे, दुसरं टोक धरायला चित्रकार येणार आहे.